तळघरातल्या नाटकाचा शेवटचा प्रवेश

“म्हणजे नाटकाचे जुने संकेत पहिल्यांदा मोडले कुणी? तुम्ही, की मुंबईवाल्यांनी?” शार्दूलनं विचारलं.

सत्यभामाबाई हरभऱ्याची डाळ वाटत होत्या. संध्याकाळी सुनेचं चैत्रातलं हळदीकुंकू होतं. कोपऱ्यात पितळी झोपाळ्यावर गौर बसली होती, दारात रांगोळी होती.

“मोडल्याचं काही आठवत नाही बाबा. शिंका आठवतात.”

“शिंका?”

“तंबाखूच्या वखारीखालचं तळघर ते. वर पोती, खाली आमचं नाटक. मी रडायला लागले की तिसऱ्या रांगेतून शिंक आलीच.”

शार्दूल हसला नाही. त्या तळघराचा इतिहास त्यानं तीन वर्षं खणून काढला होता. गावातलं एकही नाट्यगृह दार उघडेना, म्हणून ही मंडळी जमिनीखाली गेली. ना पडदा, ना परवानगीचा शिक्का. घरात जे कुजबुजतही बोलत नसत, ते ही माणसं तिथं मोठ्यानं बोलत. त्यांचं सगळ्यांत गाजलेलं नाटक एका विधवेचं होतं. ते काम बाईंचं, आणि नाटकाची एकुलती एक वहीही बाईंकडेच.

ती वही न्यायलाच तो आला होता.

“पुढच्या महिन्यात प्रयोग जाहीर केलाय मी.”

“वही नसताना?”

“तुम्ही नाही म्हणणार नाही, असं वाटलं.”

बाईंनी हात पुसले. गौरीच्या मागून वही काढली, कपाळाला लावली आणि त्याच्यापुढे ठेवली.

शार्दूलनं अधाशासारखी पानं उलटली. शेवटी कोरी पानं.

“शेवटचा प्रवेश कुठंय?”

“लिहिलाच नाही.”

“म्हणजे?”

“मी करंडा घेऊन लोकांत उतरायची. करंडा पुढे धरून उभी राहायची. कुणी उठून मला कुंकू लावलं की नाटक संपलं.”

“आणि कुणी उठलंच नाही तर?”

“तर नाही संपलं.”

“पहिल्या प्रयोगाला काय झालं?”

“उठले की सगळे... आणि घरी गेले. नवरा हयात असताना कपाळ पुसून उभी राहिलेली बाई! सासूबाईंनी सहा महिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.”

शार्दूलनं मान हलवली. “तेव्हा ठीक होतं. आता कुंकवानं कोण दचकणार? मी शेवट बदलतोय. माझी नटी करंडा लाथेनं उडवते, गौर फोडते. आता हे सगळं मोडलेलंच आहे, बाई.”

बाईंनी दाराकडे पाहिलं.

मग म्हणाल्या, “बाहेर ओट्यावर कोण बसलंय?”

“आई. तिला डॉक्टरांकडे न्यायचंय. आत चल म्हटलं, तर...”



वडील जाऊन चार वर्षं झाली होती. आई रांगोळीपर्यंत आली होती, आत गौर पाहिली होती आणि मागे फिरून ओट्यावर बसली होती. का, ते त्यानं विचारलं नव्हतं.

बाईंनी गौरीपुढचा करंडा उचलून त्याच्या हातात दिला.

“जा. शेवटचा प्रवेश कर. जमला तर वही तुझी.”

तो ओट्यावर गेला. आई औषधांची पिशवी मांडीवर धरून बसली होती. त्यानं करंडा उघडला, बोट कुंकवात बुडवलं.

“अरे, हे काय भलतंच?” आई म्हणाली. “आत सवाष्णी यायच्यात...”

म्हणाली खरी, पण नजर करंड्यावरून हलेना.

समोरच्या गच्चीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं. शार्दूलनं तिकडे पाहिलं. बोट आईच्या कपाळाजवळ गेलं आणि तिथंच राहिलं. एवढी भाषणं ठोकलेला माणूस, पण ते चार बोटांचं अंतर काही ओलांडेना.

हात खाली आला.

“नाही जमत, बाई,” तो हळूच म्हणाला.

आईनं त्याच्या लाल बोटाकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून दाराकडे. उंबऱ्यात बाई उभ्या होत्या. त्यांचंही कपाळ कोरंच.

“तुम्हालाही कुणी लावत नाही?”

“हे गेल्यापासून स्वतः लावत नाही मी. कुणी लावलं तर नाही म्हणत नाही.”

आईनं पिशवी बाजूला ठेवली. मुलाच्या हातातून करंडा घेतला. पदर सावरला, रांगोळी मोडू नये म्हणून पाऊल जपून टाकलं आणि उंबऱ्यापाशी जाऊन बाईंच्या कपाळाला कुंकू लावलं.

थोडं नाकावर सांडलं.

बाईंनी डोळे मिटले... आणि जोरात शिंकल्या.

आई खुदकन हसली. चार वर्षांत शार्दूलनं ते हसू ऐकलं नव्हतं. हसता हसताच तिनं आपलं कपाळ बाईंपुढे केलं.

शार्दूल धावत आत गेला, वहीचं कोरं पान उघडलं आणि घाईघाईनं लिहू लागला.

“पेन ठेव खिशात,” बाई म्हणाल्या. “प्रेक्षकांनी खाली बसायचं असतं.”