सरकारांचा रक्तदाब आणि आठ प्रमाणपत्रे

केरबा ज्ञानू शेलार, वय वर्षे एकोणसाठ, हुद्दा वॉर्डबॉय, याने भर सभागृहात सरकारांचे बोलणे मध्येच तोडले.

“सरकार, बाईंना काढू नका!”

हणमंतगडचे संस्थान केव्हाच खालसा झाले होते. परंतु त्या घराण्यातले दौलतराव सरदेशमुख हे तेथील धर्मादाय रुग्णालयाचे अध्यक्ष असल्यामुळे गाव त्यांना अजून ‘सरकार’च म्हणत असे, आणि त्यांचा हट्टही अस्सल संस्थानी होता. प्रत्येक डॉक्टराने दरमहा एक ऑनलाइन व्याख्यान पाहून आपले ज्ञान ताजे करावे व प्रमाणपत्र आणून दाखवावे, असे त्यांचे फर्मान होते. या महिन्याचे व्याख्यान रक्तदाबावर होते. आठ डॉक्टरांची प्रमाणपत्रे टेबलावर मांडलेली होती. नवव्या, डॉ. मृणाल तेंडोलकर, रिकाम्या हातांनी उभ्या होत्या.

त्यांनी आपली बाजू मांडून पाहिली होती. “सरकार, यंत्र दर दहा मिनिटांनी विचारते, ‘आपण अजून पाहत आहात ना?’ मिनिटाभरात ‘होय’चे बटण दाबले नाही, तर व्याख्यान पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मी बसले की वॉर्डातून बोलावणे येते. पहिला अर्धा तास मी पाच वेळा पाहिला आहे!”

“आणि या आठ जणांना बोलावणे येत नाही?”

ज्येष्ठ डॉक्टर केळुसकर मंद हसले. “वेळेचे नियोजन, सरकार. ते अनुभवाने येते.”

“ऐकलेत, बाई? उद्यापासून आपण...”

नेमक्या याच ठिकाणी केरबा मध्ये बोलला होता.

“तुला काय ठाऊक आहे रे?” सरकार गरजले.

“एवढेच, की व्याख्यान पाहिले आहे ते या बाईंनी. आठ साहेबांपैकी कोणीही पाहिलेले नाही.”

“सरकार!” केळुसकर ताडकन उठले. “आता वॉर्डबॉय आमची परीक्षा घेणार काय? आम्हांला एक जरी प्रश्न विचारलात, तर आठही राजीनामे आजच आपल्या टेबलावर येतील!”

सरकारांनी मिशीवर हात फिरवला. “केरबा, तुझे म्हणणे सिद्ध कर. परंतु यांना एकही प्रश्न विचारायचा नाही. तूही नाही, मीही नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत मुदत. साधले नाही, तर बाईंच्या मागोमाग तूही घरी!”

“कबूल! मात्र तोपर्यंत सरकारांनी आपला उजवा हात मला उसना द्यावा.”

“माझा हात?”

“प्रत्येक डॉक्टरांकडे जाऊन सरकारांनी फक्त रक्तदाब मोजून घ्यावा आणि काय काय घडते ते लक्षात ठेवावे.”

सगळे आपापल्या खोल्यांत परतल्यावर सरकार आणि केरबा यांची वरात निघाली. केळुसकरांनी सरकारांना हाताला धरून तपासणीच्या उंच टेबलावर बसवले. सरकारांचे पाय हवेत लोंबत राहिले. कोटाची बाही तशीच ठेवून पट्टा गुंडाळला गेला. “काय म्हणते यंदाचे आंब्याचे पीक?” असे केळुसकर विचारत होते, सरकार सविस्तर सांगत होते आणि मध्येच आकडा आला.

“एकशे अडुसष्ट! गोळी वाढवावी लागेल.”

दुसऱ्या खोलीत एकशे चौसष्ट, तिसरीत एकशे बहात्तर. आंब्यांच्या जागी कोठे निवडणूक आली, कोठे नातवाचे लग्न. बाकी सारे तसेच. आठही खोल्यांत मिळून वीस मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

मग सरकार डॉ. तेंडोलकरांच्या खोलीत शिरले.

“या खुर्चीत बसा. पाठ टेकवा. पाय जमिनीवर ठेवा. कोट काढा.”

“कोट? अहो, आठ डॉक्टरांनी...”

“आणि आता पाच मिनिटे गप्प बसा, सरकार!”

दाराबाहेरच्या परिचारिकेच्या हातातील ट्रे खणखणला. सरकारांना आजवर असे कोणीही सांगितले नव्हते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. परंतु केरबाने ओठांवर बोट ठेवले आणि ते कसेबसे गप्प राहिले. पाच मिनिटांनी बाईंनी उघड्या दंडावर पट्टा बांधला, हात टेबलावर टेकवला आणि एक अक्षरही न बोलता मोजणी केली.

“एकशे अडतीस.”

“याला काय समजायचे?” सरकार कडाडले. “नऊ खोल्या, नऊ आकडे, आणि वर माझाच अपमान!”

“सरकारांनी आता सभागृहात चलावे आणि व्याख्यान स्वतः पाहावे,” केरबा म्हणाला. “पहिली दहा मिनिटे पुरेत.”

सर्वांना पुन्हा बोलावून पडद्यावर व्याख्यान लावले गेले. व्याख्याते सांगू लागले, “मोजण्यापूर्वी रुग्णाला पाच मिनिटे स्वस्थ बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा, हाताला आधार. रुग्णाने बोलू नये आणि डॉक्टरांनी तर मुळीच बोलू नये! एवढ्या चुकांनी आकडा वीस-तीसने फुगतो.”

सरकारांनी आठही डॉक्टरांकडे एकेक करून पाहिले. आठही जण छताचा पंखा निरखत होते.

“केरबा, एकच कोडे उरले. यांपैकी कोणी पाहतच नव्हते, तर दर दहा मिनिटांनी ‘होय’ कोण म्हणत होते?”

“मी, सरकार.”

“तू? खोटी हजेरी लावलीस?”

“खोटी कशी होईल? यंत्र विचारी, ‘आपण अजून पाहत आहात ना?’ साहेब चहाला जात आणि मी तर पाहतच होतो! एकदा नव्हे, आठ वेळा. माझ्याइतका प्रामाणिक श्रोता त्या व्याख्यात्यांना दुसरा मिळाला नसेल!”

सरकार असे हसले की डोळ्यांतून पाणी आले. “अरे, मग ही आठही प्रमाणपत्रे तुझीच! बोल, आणखी काय देऊ?”

“दुसरे काही नको, सरकार. बटण दाबण्याचे काम तेवढे काढून घ्यावे. बोट दुखते.”

सरकारांनी आपल्या मनगटावरील घड्याळ काढून त्याच्या हातावर बांधले आणि दोन वेतनवाढी तेथल्या तेथे मंजूर केल्या.

त्या महिन्यापासून डॉक्टर दोन तुकड्या करून सभागृहात व्याख्यान पाहतात. एक तुकडी पाहते तेव्हा दुसरी वॉर्ड सांभाळते. डॉ. तेंडोलकर कामावर कायम राहिल्या. सरकारांची रक्तदाबाची गोळी वाढली नाही.