घुशीबाईंचा बांध

टेकडीवर प्राण्यांचीच पंचायत होती, तेव्हाची गोष्ट. घुशीबाईंची झोप उडाली होती. आपण उकरलेली माती पावसात वाहून खालच्या मुंग्यांच्या घरात शिरली तर? पंचायतीचा नियम होता, जो बीळ खणेल त्याने उतारावर बांध घालावा. घुशीबाईंनी काळजीपोटी चहूबाजूंनी बांध घातला, तोही डोक्याएवढा उंच. पाऊस पडला. माती जागची हलली नाही, पण अंगणाचं तळं झालं आणि पाणी बिळाच्या तोंडाशी आलं.

पाहणीला आलेले कासवराव हसू दाबत म्हणाले, “बाई, पाण्याला जरा हळू जा म्हणायचं होतं, मुक्कामाला बोलवायचं नव्हतं. जादा पाणी जायला सांडवा ठेवायला विसरलात.”

खजील घुशीबाई पाण्याला वाट करून द्यायला धावल्या, तोच तळ्यातून त्यांचं पिल्लू म्हणालं, “आई, थांब ना, मला आत्ता कुठे तरंगता यायला लागलंय.”