उसनी ओहोटी

फार वर्षांपूर्वी, कोळवटात पहिलं घड्याळ यायच्याही आधी, गावातली माणसं वेळ समुद्राला विचारत. आणि समुद्राला काही विचारायचं असलं तर ती द्वारकीकडे जात.

द्वारकी खडपावरची वाटाडी. खडप म्हणजे गाव आणि समोरचं धाकटं बेट यांच्यामधला कातळाचा नि पोवळ्यांचा पट्टा. एरवी तो पाण्याखाली असे. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला उघडा पडे, आणि बेटावरची सात घरं तेवढ्यापुरती गावाला जोडली जात. तिथं होडी चालत नसे, पोवळ्यांनी तिचा तळ फाटायचा. चालायचं, तेही द्वारकीच्या मागे, एका रांगेत, तिच्या पावलावर पाऊल ठेवून. जिवंत पोवळ्यावर ती कुणाला पाय देऊ देत नसे. वाटेतला एकूण एक दगड तिच्या तळव्यांच्या ओळखीचा होता, असं म्हणतात.

बेटावरच्या धाकूला एकच मुलगी, चंपी. तिचं लग्न डोंगराकडच्या रावजीच्या मुलाशी ठरलं. मुहूर्त रावजीनंच काढून आणला, वैशाख वद्य अष्टमीचा, भर दुपारचा. त्या दिवशी ओहोटी दुपारचीच, एवढी चौकशीही त्यानं केली होती. पण अष्टमीला समुद्राचा भांग असतो, पाणी ना धड चढत ना धड उतरत, हे डोंगरातल्या माणसाला कुठून ठाऊक? धाकूला ठाऊक होतं. पण तो मुलीचा बाप. वरपक्षाचा शब्द कसा मोडायचा, म्हणून गप्प बसला.

ठरल्या दिवशी वऱ्हाड किनाऱ्यावर आलं, आणि बघतं तर वाटेवर कमरेएवढं पाणी. सनईवाला सनई डोक्यावर धरून उभा राहिला. वरमाईनं नवं हिरवं लुगडं जरासुद्धा वर घ्यायला नकार दिला. रावजी म्हणाला की हा पावसाळ्याआधीचा शेवटचा मुहूर्त, चुकला तर सोयरीक मोडली असं समजा. पलीकडे चंपी हळदीच्या अंगानं पाण्याच्या काठाशी येऊन उभी होती. अलीकडून तिचं पिवळं पातळ तेवढं दिसत होतं.

द्वारकीनं ते पातळ पाहिलं, मग रावजीकडे पाहिलं. "व्याहीबुवा, पंचांग तुम्ही वाचलंत. समुद्राला कुणी वाचून दाखवलं?"

एवढं बोलून ती गुडघाभर पाण्यात गेली आणि शेजारणीच्या दारात उभं राहून साखर मागावी तशी म्हणाली, "दर्याबा, दोन घटका ओहोटी उसनी दे. अमावास्येला तुझी तुला परत करीन."

वऱ्हाडातले दोघे-तिघे हसले. त्यांचं हसू संपायच्या आत पाणी तिच्या गुडघ्यावरून पोटरीवर आलं, पोटरीवरून घोट्यावर. मग नुसती ओली वाळू राहिली.

त्या दिवशी खडप उघडलं ते अमावास्येलाही उघडत नाही इतकं. जांभळी, पिवळी, हिरवट पोवळी उन्हात चमकत होती. डबक्याडबक्यात रेघारेघांचे मासे फिरत होते. मासे बघता बघता वरमाय मानपान विसरली आणि रांगेत सगळ्यात मागे राहिली. दोन्हीकडचं पाणी हलायचं थांबून वरात बघत होतं, असं म्हणतात. बरोबर दोन घटकांनी वरमाईचा शेवटचा पाय बेटावर पडला, आणि मागून आलेल्या लाटेनं तिच्या लुगड्याचा काठ भिजवला. लग्न लागलं, आणि अमावास्येच्या आदल्या दिवशीच्या ओहोटीला वऱ्हाड नवरीला घेऊन द्वारकीच्या मागून गावात परतलं.

आठवड्यानं अमावास्या आली. वर्षातली सगळ्यात मोठी ओहोटी. बायका कोयत्या आणि टोपल्या घेऊन शिंपल्यांतली कालवं काढायला निघाल्या. द्वारकी वाटेवरच बसली होती. तिनं सांगितलं की आजची ओहोटी आपली नाही, आज कुणी खडपावर उतरायचं नाही.

बायका कुरकुरल्या. द्वारकीची शेजारीण सगुणा जिभेची तिखट. ती म्हणाली, "घेतल्यास दोन घटका. मग अख्खी ओहोटी का म्हणून द्यायची?"

"उसनी वाटी परत करताना शीग लावून देतात, सगुणे. तुझी सपाट येते ती गोष्ट वेगळी."

सगळा किनारा हसला. सगुणाही हसली, टोपली पालथी घालून तिच्यावर बसली. मग एकेक करून सगळ्याच बसल्या. खडप उघडं पडलं, कालवांनी भरलेलं, आणि पाणी परतेपर्यंत कुणी जागचं उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी खडपावर पोवळ्यांना नवे कोंब फुटलेले दिसले, असं म्हणतात.

द्वारकी कधी गेली ते कुणी सांगत नाही. पण कोळवटात अजून उसनी वाटी शीग लावून परत करतात, आणि तिला द्वारकीचं माप म्हणतात. लग्नात वरमाईच्या लुगड्याचा काठ समुद्राच्या पाण्यात बुडवतात, मग तिनं कितीही नाक मुरडलं तरी. वैशाख अमावास्येला गाव खडपावर पाय ठेवत नाही. बायका किनाऱ्यावर पालथ्या टोपल्यांवर बसून गप्पा मारतात. सगळ्यांच्या पुढे, पाण्याच्या बाजूला, द्वारकीच्या नावाची एक टोपली रिकामी असते.

भरती लागली की वयानं सगळ्यात मोठी बाई विचारते, "दर्याबा, भरलं का माप?"

मग सगळ्या पाण्याकडे बघतात. पाणी येतं, त्या रिकाम्या टोपलीला भिजवतं, आणि बायका लुगडी झटकत उठतात. टोपली कोरडी राहिली असं अजून एकदाही झालेलं नाही, असं म्हणतात.