ठकूबाईची जांभळ

फार वर्षांमागं झिरेवाडीला एकच आड होता आणि आडाच्या काठाला एकच मोठी जांभळ. त्या जांभळीखाली ठकूबाई कुंभारणीनं आपल्या तान्ह्या लेकीला मूठमाती दिली होती. रोज सकाळी ती बुंध्याशी तांब्याभर पाणी ओतायची आणि मगच चाकाला हात लावायची.

एका साली आड आटला. तळाला नुसता गाळ. माणसं कोसाकोसावरून पाणी वाहू लागली आणि ठकूबाई त्यातलंही तांब्याभर झाडाला घालायची. वर ती जांभळ हिरवीगार! लोकांचं डोकंच फिरलं.

"आपलं पाणी हीच पितीया," राणोजी पाटील म्हणाले. "तोडा हिला."

कुऱ्हाडी निघाल्या. ठकूबाई बुंध्याला मिठी मारून उभी राहिली.

"पिती, पर ठेवून घेत न्हाई, पाटील. पानातनं सोडून देती. हिच्या खाली गार वाटतं, ते कशानं? एक दिस द्या, दावते."

तिनं भट्टीतली नवीकोरी मडकी आणली, पानांनी गच्च डहाळ्या त्यांत घातल्या आणि तोंडं फडक्यानं बांधली. दिवसभर ऊन रणरणलं. सांजेला मडकी उतरवली, तर आत टिपूस नाही. लोक हसले. ठकूबाईनं एकेक मडकं उलटंपालटं करून पाहिलं. तिनं मडकं पोटाशी धरलं, आणि लुगड्याला ओल लागली.

"अगं बाई! माझ्या मडक्यानंच पिऊन टाकलं की!"

जन्माची कुंभारीण, पण कोरं मडकं पाणी पितं हेच ती घाबरून विसरली होती.

आणखी एक दिवस मागून घेऊन दुसऱ्या दिवशी तिनं तेलात मुरलेली जुनी मडकी बांधली. सांजेला पहिलं मडकं पाटलांच्या ओंजळीत उपडं केलं. पाणी! असं म्हणतात, मडकी काठोकाठ भरली होती. ओंजळभर होतं की मडकंभर, ते बघायला आपल्यातलं कुणी नव्हतं. पण पाटलांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

"आड कोरडा आन् हिच्या पानात पाणी," ठकूबाई म्हणाली. "म्हंजे खाली हाय. मुळाच्या मागं जावा."

मग कुऱ्हाडी गेल्या आणि पहारी आल्या. आडाच्या तळाशी एक जाड मूळ खडकाच्या फटीत शिरलं होतं. माणसं त्याच्यामागं खणत गेली. असं म्हणतात, मूळ जाईल तिकडं खडकच वाट देत गेला, आणि झरा फुटला तेव्हा वाऱ्याची झुळूक नसताना जांभळीचं पान न् पान हललं. सगळं गाव हात जोडून उभं राहिलं. ठकूबाई तेवढी रडत होती. लेकीच्या वाटचं तिनं ओतलेलं पाणी वाया गेलं नव्हतं.

आजही चैत्रात झिरेवाडीची माणसं जांभळीला तेलात मुरलेली मडकी बांधतात. सांजेला जमलेलं पाणी गावातल्या सगळ्यात लहान बाळाच्या ओठांना लावतात. त्याआधी पहिला थेंब मात्र बुंध्याशी सांडतात. तो ठकूबाईच्या लेकीचा.