बोटीवर गरम पाणी

“पण का नको?” मी तिसऱ्यांदा विचारलं.

जोमा तांडेल जाळं शिवत बसले होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

“कारण तर सांगा! फक्त कारण सांगा, मी गप्प बसतो.”

“खाजू दे पोरांना,” ते म्हणाले.

बास. एवढंच.

थांबा, आधी मी कोण ते सांगतो. मी पुण्याचा. मेकॅनिकल इंजिनिअर, दीड वर्षात नोकरी सोडली, आणि जीपीएस न वापरता समुद्रात दिशा कशी काढतात ते शिकायचं असं डोक्यात घेऊन रायगडातल्या या बंदरावर येऊन पडलो. का, ते विचारू नका, आईने विचारून झालंय.

इथे ज्याला विचारलं त्याने एकच नाव घेतलं. जोमा तांडेल. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बोटीवरचा मुख्य माणूस. वय सत्तरीच्या आसपास. बोट मोरेश्वरशेठची, खलाशी सहा, पण एकदा बंदर सुटलं की शब्द तांडेलांचा.

मी सरळ त्यांच्या पाया पडलो. म्हटलं, मला शिष्य करून घ्या.

ते म्हणाले, “भांडी घास.”

पहिल्या फेरीत मी भांडीच घासली. एकदा न राहवून विचारलं, “तांडेल, चारी बाजूला नुसतं पाणी. तुम्हाला दिशा कळते कशी?”

“पाठीमागं चांगुणा हाय,” ते म्हणाले. “बाकी सगळं पुढं.”

चांगुणा म्हणजे त्यांची बायको.

चांगुणाआजींना विसरायचा आजार आहे. मुलं कोण, सुना कोण, सगळं पुसलं गेलंय. एकटे तांडेल तेवढे शिल्लक आहेत, आणि तेही आठ दिवस. आठव्या दिवशी दारात उभे राहिले की आजी बराच वेळ बघतात, मग म्हणतात, “आलास व्हय?” हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मागच्या वर्षी वादळात बोट दुसऱ्या बंदरात अडकली, अकरा दिवस झाले. तेव्हा आजींना ओळखायला दोन दिवस लागले होते.

“आठ दिस धरून ठेवते मला,” तांडेल म्हणाले होते. “पुढं तिच्या हातून सुटतो.”

म्हणून बोट आठव्या दिवशी परत. दर फेरीला.

आता खाजेचं सांगतो. सात दिवस अंगावर समुद्राचं पाणी पडतं, वाळतं, परत पडतं. गोडं पाणी फक्त प्यायला आणि भाताला. चौथ्या दिवशी काखेत चुरचुरायला लागलं. सहाव्या दिवशी मी जाहीरपणे रडलो, खोटं कशाला बोलू! हिराजी म्हणून आमचा सगळ्यात दांडगा खलाशी आहे, तो तर म्हशीसारखी डोलकाठीला पाठ घासायचा. शर्ट काढला की पाठीवर सगळे लाल चट्टे, काही फुटलेले.

सातव्या दिवशी तांडेलांनी वायरलेस उचलला. “शेठ, पोरांची अंगं फुटलीत. परत येतो.”

तिकडून मोरेश्वरशेठ वैतागले. “बर्फ आहे, डिझेल आहे, तरी परत?”

“उद्या पोरं दुसऱ्या बोटीवर जातील. मग तूच ये जाळं ओढायला.”

“...या मग.”

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढा साधा प्रॉब्लेम! इंजिन दिवसभर तापतंय, त्याचा धूर बाहेर टाकणारा पाईप लालबुंद होतोय, आणि ती सगळी उष्णता आपण हवेत सोडतोय? मी तांडेलांना म्हटलं, मी बोटीवर गरम पाण्याचा शॉवर करतो. गोड्या पाण्याचा. माणशी तीन लिटर.

तेव्हा ते म्हणाले, नको. पुढचं मी वर सांगितलंच.

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, हा माणूस ग्रेट असेल, पण जुना आहे. माणसांनी सोसायचं, कारण आपण सोसलं. दुसरं काय?

बोट दोन दिवस बंदरात होती. तांडेल घरी, आजींपाशी. मी कामाला लागलो.

एसी दुरुस्तीवाल्याकडून तांब्याचा पाईप आणला. तो इंजिनच्या धुराच्या पाईपभोवती गुंडाळला, सोळा वेढे, वरून उष्णता न सोडणारी दोरी घट्ट आवळली. केबिनच्या टपावर निळा ड्रम बांधला, दोनशे लिटरचा. पाणी वरून आपलं आपण खाली येणार, वेढ्यांतून फिरणार, तापणार, बाहेर पडणार. शॉवरच्या तोंडाला चहाची स्टीलची गाळणी.

पहिल्या वेळी नळ बंद ठेवून इंजिन चालू केलं. पाण्याची वाफ झाली आणि अशी काही शिट्टी वाजली की हिराजीने धक्क्यावर उडी मारली!

“पुणेकर, कुकर लावलास का?” तो तिकडून ओरडला.

मग वाफ जायला एक वेगळी नळी वर काढली. दुसऱ्या वेळी पाणी आलं. गरम! अंगाला सोसेल असं, मस्त गरम. हिराजी चड्डीवर खाली उभा राहिला आणि त्याच्या तोंडून नुसतं “आई गं...” एवढंच निघालं. दहा मिनिटं. माझं तीन लिटरचं गणित पार वाहून गेलं, पण मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

मोरेश्वरशेठ बघायला आले. शॉवरचा फोटो काढला, मग माझ्यासोबत फोटो काढला.

“शिकलेला माणूस बोटीवर असला की असा फरक पडतो बघा,” शेठ सगळ्यांना सांगत होते.

संध्याकाळी तांडेल आले.

हिराजीच्या डोक्यावर साबणाचा हा एवढा फेस. “या तांडेल, या! एकदम लॉजवर आल्यासारखं वाटतंय!”

तांडेल उभे राहिले. ड्रम बघितला. पाईप बघितला. मग हिराजीच्या पाठीकडे बघत राहिले... बराच वेळ.

मी वाट बघत होतो. शाबासकीची, दुसरं काय!

“साबण जातोय त्याच्या डोळ्यात,” ते मला म्हणाले. “पाणी सोड.”

दुसरी फेरी सुरू झाली. मी भांडी घासायची बंद केली होती, कुणी सांगितलंही नाही. सगळे मला इंजिनिअरसाहेब म्हणत होते. रोज संध्याकाळी शॉवरखाली नंबर लागायचे, गाणी चालायची. एकटे तांडेल कधी त्या पाण्याखाली गेले नाहीत. मला वाटलं, हट्ट.

सातवा दिवस उजाडला. तांडेलांनी वायरलेस उचलला.

“शेठ, परत येतो.”

“का?”

तांडेलांनी वायरलेसचं बटण दाबलं आणि तसंच सोडलं.

“पोरांची अंगं फुटलीत?” शेठ हसले. पलीकडून ते खरखरणारं हसू सगळ्या केबिनला ऐकू आलं. “आता कसली अंगं, तांडेल! गरम पाणी दिलंय ना पोरांना? मासळी लागतेय. बर्फ आहे. चौदा दिवस करा.”

तांडेलांनी मागे वळून बघितलं. दारात हिराजी उभा होता, अंगाला साबणाचा वास, केस विंचरलेले.

“काय म्हणतोस हिराजी?”

“थांबू की तांडेल,” हिराजी म्हणाला. भला माणूस, त्याच्या मनात काही नव्हतं. “आता काय तरास नाय.”

तांडेलांनी वायरलेस जागेवर ठेवला.

मला कळायला एवढा वेळ लागला. सातव्या दिवसापर्यंत! इंजिनिअर ना मी.

मी त्यांच्या मागे मागे बोटीच्या टोकाशी गेलो. “तांडेल, शेठना आजींचं सांगा ना! खरं कारण सांगा.”

“मग तो काय बोलेल?”

त्यांनीच पुढे सांगितलं, “घरी बसा तांडेल, असा बोलेल. बोट दुसऱ्याला देईल. चांगुणाला खायला मी तुझा पाईप घालू?”

“पण मला तरी आधी सांगायचं ना! मी हात लावला नसता. मी विचारलं होतं तुम्हाला. तीनदा विचारलं.”

“काय सांगणार होतो?” तांडेल म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “पोरांची कातडी सोलून निघू दे, मला बायकोकडं जायचंय... असा सांगू?”

“मग मी तोडतो तो शॉवर. आत्ता तोडतो!”

“हिराजीची पाठ बघितलीस?”

मी मान डोलावली.

“जखमा भरून आल्यात,” ते म्हणाले, आणि सुकाणूकडे गेले.

उरलेले सात दिवस मी एकदाही अंघोळ केली नाही. त्याने कुणाचं काय भलं झालं, देव जाणे. आठव्या, नवव्या, दहाव्या दिवशी मी मोजत होतो. तांडेल मोजत नव्हते. किंवा मला दिसत नव्हतं. अकरावा गेला तेव्हा ते नेहमीसारखे चहा पीत बसले होते.

चौदाव्या दिवशी दुपारी बंदर आलं. मासळी उतरायची होती, पण तांडेल सरळ घराकडे निघाले. मी सोबत गेलो. त्यांनी ये म्हटलं नाही, नको पण म्हटलं नाही.

आजी ओट्यावर बसल्या होत्या. हिरवी साडी, डोक्यात अबोली, सुनेने माळलेली. तांडेल पायरीशी थांबले.

आजींनी बघितलं. बराच वेळ बघितलं...

मग त्यांनी पदर नीट केला, डोक्यावर घेतला. परक्या माणसासमोर बायका घेतात तसा.

“कोण पायजे?” त्यांनी विचारलं.

सून आतून धावत आली. “आई, अवो ते...”

तांडेलांनी हात वर केला. सून तिथेच थांबली.

“तांडेल हायत का घरात?” त्यांनी आजींना विचारलं.

“बोटीवर गेलेत,” आजी म्हणाल्या. छान हसल्या. “येतील. आठव्या दिशी येतात ते, चुकत नाय. तुम्ही कुठल्या बोटीचे?”

“हितलाच हाय.”

“मग उद्या या. चहाला या. ते आले नसले तरी बसा, काय लाजू नका.”

“येतो,” तांडेल म्हणाले.

ते वळले. मी बाजूला झालो. त्या रात्री ते बोटीवरच झोपले.

सकाळी मी पाना घेऊन इंजिनपाशी गेलो. एक नट सैल केला. दुसऱ्याला पाना लावला तेव्हा पायऱ्यांवर सावली पडली.

“काय करतोस?”

“काढतोय. सगळं काढतोय. शेठना सांगा, फुटला म्हणून. परत आठ दिवस होतील. आजींना परत सवय लागेल, तुम्ही रोज जा, दोन दिवसांत नाही तर चार दिवसांत... मला माफ करा. मला काही शिकवू नका, फक्त हे काढू द्या.”

तांडेल खाली आले. माझ्या हातातून पाना घेतला. सैल केलेला नट आवळला, सावकाश, शेवटपर्यंत. मग सदरा काढला, त्याची घडी केली, खुंटीला लावला.

“इंजिन चालू कर, पुणेकर.”

मी हललो नाही.

“चालू कर. पाणी तापू दे,” ते म्हणाले. “एका घरी चहाला बोलावलंय... असाच कसा जाऊ?”