विडा आणि तीन गाठी

एका तांबटांच्या गावात नागोजी नावाचा कारागीर राहत असे. त्यानं घडवलेल्या हंड्यावर टिचकी मारली, की नाद देवळातल्या घंटेसारखा लांबवर जाई. पण गावातल्या लहान भट्ट्या एकेक करून विझल्या. नागोजीचीही विझली. उरला तो फक्त लखमशेटचा कारखाना. चाळीस ऐरणी, एकच लांबलचक दालन, बुटकं छप्पर आणि एकच दार. आत दिवसभर तांब्यावर हातोड्या पडत. तो आवाज भिंतींवर आपटून पुन्हा माणसांवरच येई.

कामाला जायचं ठरल्यावर नागोजीनं तिथल्या एका जुन्या कारागिराला गाठलं.

"पगार किती देतात, दादा?"

"शेट बघतात."

"सुटी?"

"शेट बघतात."

"आणि एवढ्या आवाजात कानाचं काही बिघडलं तर?"

"काय म्हणालास? मोठ्यानं बोल जरा."

नागोजीला हसू आलं. घरी येऊन त्यानं बायकोला ही गंमत सांगितली. सगुणा हसली नाही. तिनं त्याच्या उपरण्याच्या टोकाला तीन गाठी मारल्या.

"अहो, उद्या शेटनी कामावर घ्यायच्या आधी हे तीन प्रश्न विचारायचे. पगार किती, काम सुटणार कधी, आणि दुखलं-खुपलं तर कोण बघणार. एकेका प्रश्नाची एकेक गाठ. उत्तर मिळालं की गाठ सोडायची. तिन्ही सुटल्या तरच हो म्हणायचं."

"आणि नाही सुटल्या तर?"

"तर घरी यायचं. अजून आठ दिवसांचे दाणे आहेत."

दुसऱ्या दिवशी नागोजी शेटच्या बैठकीत गेला. पांढरीशुभ्र चादर, तक्के, चांदीचं तबक, आणि बाजूला वही घेऊन बसलेला अंतोबा कारकून. शेटनं हात जोडले.

"या, नागोजीराव, या. तुमच्या हंड्याचा नाद आम्ही ऐकलाय. असा माणूस कारखान्यात नाही, घरात हवा. तुम्ही आता आमच्या घरचेच."

एवढा मान नागोजीला कुणी दिला नव्हता. शेटनं तबकातून एक विडा उचलला आणि स्वतःच्या हातानं पुढे धरला. विडा कसला, मूठभर ऐवजच तो. दोन पानं, सुपारी, गुलकंद, वर भरपूर कात आणि चुना.

काम ठरलं की विडा द्यायचा, ही तांबटांची फार जुनी रीत होती. लखमशेटनं ती मोडली नव्हती. फक्त उलटी केली होती. आधी विडा, मग बोलणं.

नागोजीनं विडा तोंडात घातला. दोन्ही गाल फुगले. मग शेट तक्क्याला टेकला आणि प्रेमानं म्हणाला, "आता काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा. मनात काही ठेवू नका."

नागोजीचा हात उपरण्याच्या गाठींवर गेला. तोंड लाल रसानं भरलं होतं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या बैठकीत कुठंही पिकदाणी नव्हती. बोलायला तोंड उघडलं तर रस त्या पांढऱ्या चादरीवर पडला असता, ज्या घरानं आत्ताच घरचा म्हटलं त्याच घराच्या चादरीवर. त्यानं गाठी मुठीत दाबल्या, रस गिळला आणि मान डोलावली.

अंतोबानं वहीत लिहिलं: विचारलं. शंका नाही.

"जा, बारावी ऐरण तुझी," शेट म्हणाला. विडा तोंडात जाईपर्यंत असलेला 'राव' विडा तोंडात गेल्यावर गळून पडला होता. नागोजीच्या ते लक्षात आलं. पण तो काही बोलला नाही. तोंड अजून भरलेलंच होतं.

काम उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत होतं. सुटी म्हणजे शेटच्या घरचं लग्न, आणि त्या दिवशी पाणी भरायला जायचं. पगार शेटच्या मनाला येईल तेव्हा आणि मनाला येईल तेवढा. शेजारच्या ऐरणीला किती मिळतं हे विचारायचं नाही, कारण घरच्या माणसांत असली बोलणी होत नसतात म्हणे! वर्षभरानं धीर करून नागोजी कारकुनाकडे गेला.

अंतोबानं वही उघडून पानावर बोट ठेवलं. "हे बघा. विचारलं. शंका नाही. शेटनी स्वतः तोंड उघडून विचारलं होतं. तुमचं तोंड कुणी धरलं होतं?"

"विड्यानं," नागोजी म्हणाला.

अंतोबा पोट धरून हसला. बाहेर उभे असलेले चार कारागीरही हसले. मग एकेकाचं हसू थांबलं, कारण प्रत्येकाला आपापला विडा आठवला.

आठव्या वर्षी नागोजीच्या हंड्यांचा नाद बिघडला, असं लोक म्हणू लागले. हात बिघडला नव्हता. नागोजीला नादच ऐकू येत नव्हता. आधी बारीक आवाज गेले, मग सगुणाचं हलक्या आवाजातलं बोलणं गेलं, मग दारावरची थाप गेली. लोकांचे ओठ हलताना दिसत. आपल्याला ऐकू येत नाही हे कळलं तर काम जाईल, म्हणून तो प्रत्येक बोलण्यावर मान डोलावू लागला. कशालाही हो म्हणणारा माणूस शेटच्या नजरेत भरला. त्यानं नागोजीला मुकादम केलं. कारखान्याच्या दारापाशी, जिथं थोडा वारा लागे, तिथं त्याला बसायला एक चौरंग मिळाला. नागोजी त्या चौरंगाला जिवापाड जपू लागला.

अशी सव्वीस वर्षं गेली. नागोजीचा मुलगा मल्हारी परगावच्या एका भट्टीत काम करत होता. ती भट्टीही विझली. घरात बायको, तिचे दिवस भरत आलेले. मल्हारी गावी परतला. जायला पुन्हा तेच एक दार होतं.

सगुणानं ट्रंकेतून ते जुनं उपरणं काढलं. तीन गाठी तशाच होत्या. तिनं ते मल्हारीच्या खांद्यावर टाकलं.

"तुझ्या आबांना या गाठी सोडता आल्या नाहीत. तू सोडून ये."

"आणि नाही सुटल्या तर, आई?"

"तर घरी ये. तुझ्यासारखा माणूस घरी आला, की शेटला दुसरा शोधावा लागेल. आणि दुसराही घरी गेला, तर उत्तर द्यावं लागेल."

त्या दिवशी बैठकीत मल्हारीसह बाराजण कामासाठी आले होते. जुना मुकादम म्हणून नागोजीलाही शेटजवळ बसवलं होतं. तबक फिरलं. काहींनी विडे तोंडात घातले, काहींच्या हातात होते. मल्हारीपुढे विडा आला. त्यानं तो घेतला नाही.

"रीत अशी नाही, शेट. आधी बोलणं, मग विडा."

मल्हारीनं उपरण्याचं टोक वर धरलं. "पगार किती? काम कधी सुटणार? आणि कान गेला तर कोण बघणार? तीनच प्रश्न आहेत."

मागून एकजण पुटपुटला, "मलाही हेच विचारायचं होतं." दुसऱ्यानं तोंडातला विडा हळूच काढून मुठीत घेतला. तिसऱ्यानं हातातला विडा परत तबकात ठेवला. अंतोबाचा हात वहीवर थबकला. सव्वीस वर्षांत त्याला काय लिहावं हा प्रश्न पहिल्यांदाच पडला.

लखमशेटच्या कपाळावर घाम आला. पण तो मुरलेला व्यापारी. तो हसला आणि नागोजीकडे वळला.

"अरे, मला कशाला विचारतोस? तुझा बापच बसलाय इथं. सव्वीस वर्षं काढली त्यानं. नागोजी, सांग पोराला. इथं सगळं ठीक आहे ना?"

नागोजीला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण कळलं सगळं. शेटचे ओठ दिसले. मुलाच्या हातात वर धरलेल्या तीन गाठी दिसल्या. तबकात परत ठेवलेला विडा दिसला. एकदा मान आडवी हलवली असती तर पुरे होतं. बाकीचे अकराजण त्या मानेकडेच पाहत होते.

नागोजीनं बैठकीच्या खिडकीतून कारखान्याच्या दाराकडे पाहिलं. दारापाशी त्याचा चौरंग होता.

आणि मान डोलली. खालीवर, सावकाश, रोजच्यासारखी.

"बघ," शेट म्हणाला. "आता बापाच्या शब्दावरही विश्वास नाही का रे तुझा? चार लोकांत त्याला खोटं पाडणार?"

मल्हारीनं एकदा बापाकडे पाहिलं. मग त्यानं उपरण्याचं टोक खाली सोडलं आणि विडा तोंडात घातला. मुठीत घेतलेला विडा पुन्हा तोंडात गेला. तबकात ठेवलेला विडा पुन्हा उचलला गेला. अंतोबानं एका ओळीत बाराजणांचं आटपलं: विचारलं. शंका नाही.

"पोरा, बारावी ऐरण तुझी," शेट म्हणाला.

संध्याकाळी घरी सगुणा उंबऱ्याशी उपरणं घेऊन बसली होती. गाठी दातांनी सोडवू पाहत होती. सव्वीस वर्षांच्या गाठी, कशा सुटणार? नागोजी समोर येऊन उभा राहिला. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "तुम्हीच हो म्हणालात?"

नागोजीला तिचे ओठ हलताना दिसले.

त्यानं मान डोलावली.

तात्पर्य: कामाला लागण्याआधी पगार, वेळ आणि धोका विचारणं हा उद्धटपणा नव्हे, हक्क आहे; जो मालक तोंड गोड करून हे प्रश्न टाळतो, त्याचं उत्तर वाईटच असतं, आणि ज्याला स्वतःला विचारता आलं नाही, त्यानं निदान विचारणाऱ्याविरुद्ध मान तरी डोलावू नये.