गारानमधली हाक

"ती भाषा कुठे बोलतात, काका?"

"जिथे कुणी राहत नाही तिथे."

योपीला वाटलं, म्हातारा आपली टर उडवतोय. आंबोन शहरात भाषांचं शिक्षण घेऊन तो बुरू बेटावरच्या आपल्या गावी परतला होता. बोलायला लागला की समुद्र ओलांडल्याशिवाय थांबायचा नाही. आपल्या बोलीची भावंडं तैवानच्या डोंगरात आहेत, पार मादागास्करला आहेत, हे त्याने आल्या आल्या सगळ्यांना ऐकवलं होतं. गावानेही ऐकून घेतलं. करतंय काय बिचारं.

तिनुसकाका वेत सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले,

"एवढ्या लांबच्या भावंडांची चौकशी करून आलास. बापाला हाक मारायची तेवढी राहिली."

योपीचा चेहरा उतरला.

त्याचा बाप, म्हणजे काकांचा धाकटा भाऊ, राळ गोळा करायला गारानच्या जंगलात गेला तो आलाच नाही. योपी तेव्हा आईच्या कडेवर होता. गारानमध्ये वस्ती नाही. तिथे जाणाऱ्याने घरची बोली ओढ्याच्या अलीकडे ठेवायची आणि पलीकडे फक्त जंगलाची भाषा बोलायची, असा जुना दंडक. मोडला तर वादळ येतं. आणि जो तिथेच राहून जातो, तो घरची बोली विसरतो म्हणतात.

"म्हणूनच तर आलोय," योपी म्हणाला. "मला ती शिकवा. भाषा मला पटकन येतात. बाबांना कळेल अशी एक हाक मारायचीय, बस्स..."

"गावात ती तोंडातून काढत नाहीत. उद्या चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं ओढ्यापाशी पोचले. काका थांबले.

"पलीकडे घरचा एकही शब्द नाही. कळलं?"

"एवढंही कळत नाही का मला, काका?"

काका पाण्यात उतरले.

पलीकडे गेल्यावर त्यांनी तोंडाशी हात धरून जंगलाच्या भाषेत एक लांब हाक मारली आणि योपीकडे पाहिलं. योपीने ती तशीच्या तशी मारली. सूर तोच, लांबी तीच. पोरगा हुशार होता, त्यात वाद नाही.

जंगल गप्प.

त्याने पुन्हा हाक मारली. मग पुन्हा. उन्हं वर आली तरी तो मारतच होता. अखेर घसा बसला. तो एका झाडाच्या मुळावर टेकला, आणि कितीतरी वेळ समोरच्या झाडीकडे बघत राहिला...

"बाबा," तो म्हणाला.

घरच्याच बोलीत. इतक्या हळू, की शेजारच्यालाच ऐकू यावं.

"आईचे केस पांढरे झाले हो. अजून ती रात्री दाराला कडी लावत नाही. मला तुमचा चेहरासुद्धा आठवत नाही, बाबा... घरी या ना."

पानं हलली. लांब डोंगरामागे आभाळ गडगडलं. मग जवळ. वारा झाडीतून वाट काढत त्यांच्यापर्यंत आला.

योपीने घाबरून तोंडावर हात दाबला. दंडक मोडला होता, आणि तोही त्याने, सगळं येणाऱ्याने. काका आता काय म्हणतील, या भीतीने त्याने वळून पाहिलं.

काकांनी डोक्याचं फडकं काढून मांडीवर ठेवलं होतं. डोळे मिटले होते. आवाज येत होता त्या बाजूला त्यांनी कान केला होता.

"काका... चुकलो मी."

काकांनी त्याला हाताने थांबवलं. गडगडाट पूर्ण विरेपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग फडक्याने डोळे पुसले आणि घरच्या बोलीत म्हणाले,

"मीही दरवर्षी येतो... चुकल्याशिवाय तुझा बाप बोलत नाही."